व्हिक्टोरियन लिव्हरपूलमधलं आरोग्य आणि मृत्यू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकोणिसाव्या शतकातल्या लिव्हरपूलचा विषय निघाला की तेच ते प्रश्न फिरून फिरून येतात. काही साधे, काही चांगलेच अवघड. ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये एवढी शहरं होती, मग लिव्हरपूलच का?

कारण सगळ्यात वाईट अवस्थाही तिथेच होती आणि सगळ्यात आधीचे उपायही तिथेच झाले. १८०१ च्या जनगणनेत लिव्हरपूलची वस्ती ७८,००० च्या आसपास होती, १८५१ मध्ये ती पावणेचार लाखांवर गेली. गोदी, कापूस, अमेरिकेला जाणारी जहाजं यांमुळे काम होतं, म्हणून माणसं येत राहिली. घरं मात्र त्या वेगाने वाढली नाहीत.

१८४० च्या दशकात विल्यम फार या सरकारी सांख्यिकाने आयुर्मानाची गणितं मांडली. सरे परगण्यात जन्मलेल्या मुलाचं अपेक्षित आयुष्य ४५ वर्षं, लंडनमध्ये ३७, लिव्हरपूलमध्ये २६. मँचेस्टर याच पंगतीतलं, पण शहरासाठी खास आरोग्य अधिकारी सगळ्यात आधी नेमण्याचा मान लिव्हरपूलचा (प्रश्न ६).

२. 'लिव्हरपूलमध्ये मजुराचं सरासरी वय १५ होतं' असं वाचलं. म्हणजे माणसं पंधराव्या वर्षी मरायची का?

नाही. या विषयातला सगळ्यात जास्त गैरसमज झालेला आकडा हाच असेल.

तो आला एडविन चॅडविक या आरोग्यसुधारकाच्या, मजूर वर्गाच्या आरोग्यस्थितीवरच्या १८४२ च्या अहवालातून. लिव्हरपूलमध्ये मरणाऱ्यांचं सरासरी वय उच्चभ्रू वर्गात ३५, दुकानदार-व्यापाऱ्यांत २२ आणि मजूर वर्गात १५ असं त्यांनी दिलं. मजूर वर्गातल्या एकूण मृत्यूंपैकी ६२ टक्के मृत्यू पाच वर्षांखालच्या मुलांचे होते. ही मुलं सरासरी खाली खेचतात. दहा मृत्यू धरा : सहा बाळं एकेका वर्षाची, चार माणसं चाळीस-चाळीस वर्षांची. सरासरी येते साडेसोळाच्या जरा वर, पण त्या दहांत सोळा वर्षांचं कुणीच नाही. पाचवं वर्ष ओलांडलेला मुलगा मोठा होण्याची, लग्न करण्याची, गोदीत हमाली करण्याची बरीच शक्यता होती.

या मोजमापात दुसरीही खोट आहे. वाढत्या शहरात तरुण आणि लहान मुलं जास्त, म्हातारे कमी. जिथे म्हातारेच कमी तिथे मरणाऱ्यांतही म्हातारे कमी असणार, आणि सरासरी आपोआप घसरणार. एफ. जी. पी. नीसन या विमागणितज्ञाने १८४४ मध्येच हे दाखवून दिलं होतं. तरीही चॅडविकचा आकडा आपण टाकून देत नाही, कारण त्याच अहवालात रटलंड या शेतीच्या परगण्यातल्या मजुरांचं सरासरी वय ३८ दिलं आहे. खेड्यातला मजूर शहरातल्या श्रीमंतापेक्षा पुढे! मोजमापाच्या खोटी वजा केल्या तरी एवढी मोठी दरी बुजत नाही.

३. नेमके कोणते आजार माणसं मारत होते?

कॉलरा सगळ्यांना आठवतो, कारण तो अचानक येई आणि घबराट उडवे. पण वर्षानुवर्षं माणसं मारली ती रोजच्या आजारांनी : क्षय, टायफस, विषमज्वर, लहान मुलांची उन्हाळी हगवण, गोवर, डांग्या खोकला, स्कार्लेट फीवर, छातीचे विकार. कॉलऱ्याची साथ आली की नगरपालिका जागी होई. क्षयासाठी कुणी सभा बोलावत नसे.

४. 'कोर्ट' म्हणजे आपल्याकडच्या चाळीसारखं काही का?

दाटीवाटीची भाड्याची मजूरवस्ती एवढंच साम्य. चाळीला निदान समोरची गॅलरी असते, मागे-पुढे वारा असतो. लिव्हरपूलचं कोर्ट म्हणजे रस्त्यावरच्या घरांच्या पाठीमागे उरलेल्या पट्टीत समोरासमोर बांधलेल्या दोन ओळी आणि मधली अरुंद फरसबंद गल्ली. गल्लीत शिरायला बोगद्यासारखी वाट, दुसरं टोक बहुधा भिंतीने बंद. घरांची पाठ मागच्या घरांना चिकटलेली, त्यामुळे मागे खिडकी नाहीच. एका मजल्यावर एक खोली, असे दोन-तीन मजले. सगळ्या कोर्टासाठी टोकाला एखाद-दुसरा संडास आणि नळ असलाच तर एक.

१८४१ च्या पाहणीत सुमारे ५५,००० माणसं अशा कोर्टांत राहताना आढळली.

५. लोक खरंच तळघरात राहत होते? मग त्यांना बाहेर काढलं का नाही?

राहत होते, त्याच पाहणीप्रमाणे सुमारे २०,०००. जमिनीखालची एक खोली, बरेचदा मातीची जमीन, पाऊस झाला की शेजारच्या मैलाखड्ड्याचं पाणी भिंतीतून झिरपत आत.

आणि बाहेर काढलंच की! त्यातूनच पुढचा घोळ झाला. १८४६ च्या लिव्हरपूल सॅनिटरी ॲक्टने तळघरांत राहण्यावर कडक अटी घातल्या आणि पुढच्या वर्षी हजारो लोकांना हुसकावलं गेलं. त्यांना दुसरीकडे घरं मात्र कुणी दिली नाहीत. ती माणसं आधीच भरलेल्या कोर्टांत घुसली, काही जण रात्री गुपचूप त्याच तळघरांत परतले. माझ्या मते लिव्हरपूलच्या सगळ्या कहाणीची मेख इथेच आहे. गटार खणणं, नळ टाकणं, तळघर बंद करणं हे या शहराला जमलं. गरिबाला परवडेल असं घर बांधणं हे आपलं काम आहे, हे मान्य करायला त्याला आणखी दोन दशकं लागली, आणि मान्य केलं तेही अर्ध्या मनाने (प्रश्न १३).

६. डॉ. डंकन कोण? त्यांच्या हातात खरंच काही अधिकार होते का?

विल्यम हेन्री डंकन, जन्म १८०५, लिव्हरपूलचेच. एडिनबराला वैद्यक शिकून परत आले आणि गरिबांच्या दवाखान्यांत काम करू लागले. तिथे येणारा रोगी कुठल्या गल्लीत राहतो हे ते टिपत गेले. १८४३ मध्ये त्यांनी शहरातल्या जास्त मृत्यूंच्या कारणांवर व्याख्यानं दिली. दाटी, कोंदट हवा आणि घाण यांवर बोट ठेवून, लिव्हरपूल हे इंग्लंडमधलं सगळ्यात अनारोग्यकारक शहर आहे, असं त्यांनी भर सभेत सांगितलं. व्यापारी मंडळींना ते किती रुचलं असेल, ही कल्पनाच केलेली बरी.

१८४६ च्या कायद्याखाली १ जानेवारी १८४७ पासून ते देशातले पहिले मेडिकल ऑफिसर ऑफ हेल्थ झाले. पगार वर्षाला ३०० पौंड, अर्धवेळ. नगरपालिकेला वाटलं होतं, खासगी प्रॅक्टिस सांभाळून हे जमेल. १८४८ मध्ये ७५० पौंडांवर पूर्णवेळ नेमणूक करावी लागली.

अधिकार बेताचेच. रोग कुठे आहे ते शोधायचं, अहवाल द्यायचा, सुचवायचं. बाकी खटले, मॅजिस्ट्रेट, समित्या. नगरपालिकेत निवडून आलेले लोक कर भरणाऱ्यांना जबाबदार होते, आणि कर भरणाऱ्यांत घरमालकही होते. डंकन यांचं खरं शस्त्र म्हणजे आकडे. कुठल्या वॉर्डात हजारी किती मेले ते छापून आलं की गप्प बसणं अवघड होई. १८६३ मध्ये ते वारले, तोपर्यंत या पदावरच होते.

त्यांच्यासोबतच्या दोघांची नावं मागे पडतात : बरो इंजिनियर म्हणजे नगरपालिकेचे अभियंते जेम्स न्यूलँड्स आणि इन्स्पेक्टर ऑफ न्यूसन्सेस म्हणजे घाण-उपद्रवांवर लक्ष ठेवणारे अधिकारी टॉमस फ्रेश. न्यूलँड्स यांच्याबद्दल पुढे (प्रश्न ८), फ्रेश यांच्याबद्दल त्याच्या पुढे (प्रश्न ९).

७. १८४७ मध्ये आयरिश लोकांनी शहरात रोग आणला, हे खरं आहे का?

टायफस त्यांच्याबरोबर आला, हे खरं. पण वाक्य तिथेच थांबवलं तर खोटं ठरतं.

आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक सडून दुष्काळ पडला होता. १८४७ या एका वर्षात सुमारे तीन लाख आयरिश लोक लिव्हरपूलच्या धक्क्यावर उतरले. बरेचसे पुढे अमेरिकेला गेले. ज्यांच्याकडे तिकिटाचे पैसे नव्हते ते राहिले. उपाशी, अंगावरच्या एकाच कपड्यानिशी, जहाजाच्या डेकवर एकमेकांना चिकटून आलेली माणसं. टायफस पसरतो उवांमुळे, आणि उवांना याहून सोयीचं काय असणार? ते राहायला गेले कुठे? प्रश्न ४ आणि ५ मधल्या जागांत. नुकत्याच कामावर रुजू झालेल्या डंकन यांच्या हिशेबाने शहरात तापाचे ६०,००० च्या घरात रुग्ण झाले, हगवण आणि आमांशाचे आणखी ४०,०००. रुग्णांना शेवटचे संस्कार द्यायला त्या खोल्यांत जाणारे दहा कॅथलिक धर्मगुरू त्या वर्षी दगावले.

नगरपालिकेने तापाच्या छपऱ्या उभारल्या, नदीत जहाजांवर रुग्णालयं केली, आणि त्याच वेळी नव्या कायद्याचा आधार घेऊन सुमारे १५,००० लोकांना परत आयर्लंडला पाठवून दिलं. 'आयरिश ताप' हे नाव तेव्हा सोयीचं होतं, कारण त्यात घरमालक कुठेच येत नव्हता. डंकन यांचे १८४३ चे आकडे दुष्काळाच्या आधीचे आहेत. शहर तेव्हाही देशात सगळ्यात वाईटच होतं.

८. दुर्गंधीने रोग होतो असं मानणाऱ्यांनी गटारं बांधली. सिद्धांतच चूक, मग उपाय लागू कसा पडला?

डंकन, चॅडविक, फ्लॉरेन्स नाइटिंगेल या सगळ्यांचा विश्वास 'मियाझ्मा'वर होता : कुजणाऱ्या घाणीतून विषारी वायू निघतो आणि तो रोग करतो. कॉलऱ्याचा जंतू कॉख यांनी निश्चित केला १८८४ च्या सुमारास, आणि टायफसमधला उवांचा हात शार्ल निकोल यांनी दाखवला १९०९ मध्ये.

मैला वस्तीपासून दूर नेला की दुर्गंधीही जाते आणि पाण्यात मिसळणारे जंतूही जातात. कारण चुकीचं असलं तरी कृती योग्य जागी पडली. न्यूलँड्स यांनी आधी सगळ्या शहराची बारीक मोजणी करून नकाशे केले, मग १८४८ पासून उतार, आकार, जोडणी यांचा एकत्र विचार करून भुयारी गटारं टाकली. दहा-अकरा वर्षांत १२० किलोमीटरच्या वर. क्रिमियाच्या युद्धात तळावरची घाण निस्तरायला सरकारने त्यांनाच बोलावलं, आणि नाइटिंगेल यांनी नंतर लिव्हरपूलचे उपकार मानले.

चुकीच्या सिद्धांताचा तोटाही झाला. वास नसलेलं पाणी शुद्धच धरलं गेलं. आणि टायफससारख्या रोगात गटारांचा फारसा उपयोग नव्हता, तिथे उपयोगी पडली धुलाई (प्रश्न १२).

९. गटारं झाल्यावर संडासांचं काय झालं?

लगेच काहीच नाही. सुरुवातीची गटारं मुख्यतः पावसाचं आणि सांडपाणी नेण्यासाठी होती. पाण्याचे संडास घरोघरी यायला पुढची अनेक दशकं गेली. तोवर मैलाखड्डे रात्री उपसले जात आणि मैला सोनखत म्हणून शेतांकडे जाई. टॉमस फ्रेश यांनी तो रेल्वेने फॉर्म्बीजवळच्या रेताड जमिनीकडे धाडला. तिथल्या स्टेशनाला आज फ्रेशफील्ड म्हणतात ते त्यांच्याच नावावरून. फॉर्म्बीचा ॲस्परॅगस पुढे नावाजला गेला. तो कशावर पोसला, हे मेनूकार्डावर लिहीत नाहीत.

१०. शहराला पाणी कुठून मिळायचं?

१८४० च्या दशकात दोन खासगी कंपन्यांकडून, तेही ठरावीक वेळ. गरीब वस्तीत एका नळावर रांग आणि बादल्यांत साठवण. १८४७ च्या कायद्याने नगरपालिकेने हे काम हाती घेतलं, १८५७ मध्ये लँकशरमधल्या रिव्हिंग्टनच्या तलावांचं पाणी आलं. तेही अपुरं पडल्यावर थेट वेल्समध्ये वर्नवी नदीवर दगडी धरण बांधलं गेलं. त्यात लानुदिन हे गाव बुडालं. १८९२ मध्ये सुमारे ११० किलोमीटर लांबीच्या नळांतून ते पाणी वापरात आलं.

मुंबईत तानसाचं पाणी आलं तेही १८९२ मध्येच.

११. लिव्हरपूलमध्ये डॉक्टरांविरुद्ध दंगली झाल्या होत्या का?

हो, १८३२ मध्ये, म्हणजे व्हिक्टोरिया गादीवर येण्याच्या पाच वर्षं आधी. तेव्हाच्या कॉलऱ्यात शहरात ४,९७७ रुग्ण आणि १,५२३ मृत्यू नोंदले गेले. मे-जूनमध्ये रुग्णालयाकडे नेणाऱ्या डोल्या अडवल्या गेल्या, खिडक्या फुटल्या, डॉक्टरांवर दगड पडले. लोकांचा समज असा, की रुग्णाला तिथे मारून प्रेत चिरफाडीसाठी विकतात.

ही नुसती अफवा म्हणून हसण्यासारखी नव्हती. १८२६ मध्ये लिव्हरपूलच्या गोदीत स्कॉटलंडला निघालेल्या पिंपांतून प्रेतं सापडली होती. होप स्ट्रीटवरच्या एका तळघरातली धरून एकूण ३३. लोकांच्या भीतीला पुरावा होता. अखेर कॅथलिक चर्चमधून धर्मगुरूंनी आवाहन केल्यावर वातावरण निवळलं. ऑक्टोबर १८९६ मध्ये प्लेगच्या भीतीने गिरणी कामगारांच्या जमावाने मुंबईच्या आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला, त्यामागेही रुग्णालयाबद्दलचा असाच संशय होता.

१२. किटी विल्किन्सन यांनी नेमकं काय केलं?

लिव्हरपूलच्या गरीब वस्तीतल्या या कष्टकरी बाईंनी आपल्या घरातला पाणी तापवायचा बॉयलर शेजाऱ्यांसाठी खुला केला. १८३२ च्या साथीत रुग्णांचे कपडे, अंथरुणं त्या तिथे उकळून, क्लोराइड ऑफ लाइम घालून धूत. त्यातून १८४२ मध्ये फ्रेडरिक स्ट्रीटवर देशातलं पहिलं सार्वजनिक धुलाईघर आणि स्नानगृह उघडलं आणि पुढे किटी आणि त्यांचे पती तिथले व्यवस्थापक झाले. १८४६ मध्ये संसदेने इतर गावांनाही अशी केंद्रं काढायची मुभा दिली.

कपडे उकळले की उवाही मरतात, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आणि साबणावर सरकार १८५३ पर्यंत कर घेत होतं, हेही लक्षात असू द्या.

१३. गटारं, पाणी, आरोग्य अधिकारी सगळं आलं. तरी मृत्यूदर लगेच का उतरला नाही?

१८६० च्या दशकात देशाचा मृत्यूदर हजारी २२ च्या आसपास असताना लिव्हरपूल अजून तिशीच्या वर होतं. कारणं दोन.

एक, घरं. १८६४ च्या कायद्याने राहण्यास नालायक घरं पाडण्याची वाट मोकळी झाली. १८६९ मध्ये नगरपालिकेने व्हॉक्सहॉल भागात सेंट मार्टिन्स कॉटेजेस बांधली, नगरपालिकेने बांधलेली देशातली पहिली घरं. भाडं मात्र असं, की कोर्टातून निघालेल्या रोजंदारीवरच्या हमालाला ते झेपू नये. पाडापाड पुढे पळत राहिली, बांधकाम मागून रांगत आलं.

दुसरं कारण बाळं. मोठ्यांचे तापाचे मृत्यू १८७० नंतर कमी होत गेले, पण इंग्लंडभर एका वर्षाखालच्या बाळांचा मृत्यूदर अख्ख्या व्हिक्टोरियन काळात हजारी दीडशेच्या आसपास अडकून राहिला. लिव्हरपूल त्याहून वाईट. गरम, कोरड्या उन्हाळ्यात हगवणीने बाळं पटापट जात. दूषित दूध, लांब रबरी नळीच्या साफ न होणाऱ्या बाटल्या, घोड्यांच्या लिदीवर पोसलेल्या माश्या. भुयारी गटाराने यातलं काहीच सुटत नाही. निर्जंतुक दूध देणारं केंद्र शहरात निघालं १९०१ मध्ये. देशभरात बालमृत्यू खऱ्या अर्थाने उतरले ते विसाव्या शतकातच.

१४. वर्कहाउसमधले आजारी लोक कोण पाहत असे?

वर्कहाउस म्हणजे निराधार गरिबांना कामाच्या बदल्यात आसरा देणारं सार्वजनिक गरीबगृह. तिथले आजारी १८६५ पर्यंत पाहत त्या बहुतेक तिथल्याच इतर गरीब बायका, ज्यांतल्या अनेकींना दारूचं व्यसन. विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याने पैसे दिले आणि नाइटिंगेल यांच्या शाळेत तयार झालेल्या ॲग्नेस जोन्स बारा परिचारिका घेऊन ब्राउनलो हिलच्या वर्कहाउसमध्ये आल्या. बाराशेच्या वर रुग्ण. १८६८ मध्ये टायफसनेच त्या गेल्या, वय ३५.

१५. मुंबईचा याच्याशी काही थेट संबंध आहे का?

कापसाचा. अमेरिकन यादवी युद्धात तिथला कापूस थांबल्यावर लिव्हरपूलच्या दलालांनी मुंबईकडे मोर्चा वळवला. मुंबईत पैसा आणि माणसं दोन्ही लोटली. १८६४ मध्ये डॉ. लीथ यांचा मुंबई बेटाच्या आरोग्यस्थितीवरचा अहवाल आला, पाठोपाठ मुंबईतही आरोग्य अधिकारी नेमला गेला. प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबई सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याच्या हातून पहिल्या काही वर्षांत लिव्हरपूलचाच कित्ता गिरवला गेला : जितक्यांना उठवलं, तितक्यांना घरं मिळाली नाहीत.

१६. मी तिथेच नोकरीला आहे. सुट्टीच्या दिवशी काय पाहता येईल?

पेम्ब्रोक प्लेसवर कोर्टातल्या घरांचे शेवटचे अवशेष उभे आहेत. त्याच रस्त्यावर लिव्हरपूल स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन आहे. सिकंदराबादला डासात मलेरियाचा परजीवी शोधणारे रोनाल्ड रॉस इथेच शिकवत. सेंट जॉर्जेस हॉलमध्ये किटी विल्किन्सन यांचा पुतळा आहे, २०१२ मध्ये बसवलेला, आजूबाजूला सगळे पुरुष. ब्राउनलो हिलच्या वर्कहाउसच्या जागेवर आज कॅथलिक कॅथीड्रल आहे.

१७. एकाच वर्षाचे दोन वेगळे मृत्यूदर सापडतात. खरा कोणता?

बहुधा दोन्ही. 'लिव्हरपूल' म्हणजे काय, ते आधी पाहा. नोंदणीसाठीचा लिव्हरपूल जिल्हा म्हणजे नदीकाठचा जुना, दाट भाग. नगरपालिकेची हद्द १८३५ मध्ये वाढून तिच्यात एव्हर्टन, कर्कडेल, टॉक्स्टेथचा भाग असे मोकळे परिसर आले, पण नोंदणीत ते वेस्ट डर्बीकडे. त्यामुळे जिल्ह्याचा दर शहराच्या दरापेक्षा चढा दिसतो.

शिवाय वर्कहाउस किंवा रुग्णालयात मेलेला माणूस त्या इमारतीच्या जिल्ह्यात मोजला जाई, मग तो राहायला कुठेही असो. आणि कामासाठी आलेले तरुण जास्त असले की साधा मृत्यूदर आहे त्यापेक्षा बरा दिसतो. म्हणजे प्रश्न २ मधल्या सरासरीला जी गोष्ट वाईट दाखवते, तीच इथे उलटं काम करते. दोन शहरांची तुलना करायची तर वयोगटानुसार करावी.

१८. जुन्या मृत्यूदाखल्यावर कारण 'फीवर', 'कन्व्हल्शन्स' किंवा 'टीदिंग' असं आहे. याचा अर्थ काय लावायचा?

नागरी नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली, पण मृत्यूचं कारण डॉक्टरने लिहून देण्याची सक्ती १८७४ च्या कायद्याने आली. त्याआधीचं कारण घरच्यांनी, शेजाऱ्याने सांगितलेलं असू शकतं. 'फीवर'मध्ये टायफस आणि विषमज्वर दोन्ही येतात, सरकारी आकडेवारीत ते वेगळे झाले १८६९ पासून. 'कन्व्हल्शन्स' म्हणजे बाळाला आलेले झटके. ते शेवटचं लक्षण, आजार कुठलाही असेल. 'टीदिंग' म्हणजे दात येण्याच्या वयात मेलेलं मूल, आणि त्या वयात वरचं अन्न सुरू होतं, म्हणून हगवणीचा संशय आधी घ्यावा. 'डिक्लाइन' दिसलं तर बहुतेक क्षय.

आणि मृत जन्मलेली बाळं या नोंदींत शोधू नका. इंग्लंडमध्ये त्यांची नोंद १९२७ पासून होऊ लागली.